उंडीच्या तेलावर आगगाडी? रेल्वेतलं जैवइंधन आणि आपलं कोकण

विजयदुर्गी (धागाकर्ता)

जपानच्या क्यूशू बेटावर, मियाझाकी प्रांतात ताकाचिहो नावाचं डोंगरातलं गाव आहे. तिथली रेल्वे २००५ च्या वादळात उद्ध्वस्त झाली आणि पुन्हा काही सुरू झाली नाही. गावकऱ्यांनी मात्र उरलेल्या रुळांवर तीसेक माणसं बसतील अशी उघडी गाडी सुरू केली. पर्यटक येतात, १०५ मीटर उंचीच्या पुलावरून फेरी मारून येतात. आता ही गाडी चालते कशावर? टेम्पुरा (जपानी भजी) तळून उरलेलं तेल नऊ भाग आणि रामेनच्या सुपातली डुकराची चरबी एक भाग, यापासून बनवलेल्या डिझेलवर.

वाचून हसू आलं, पण मग खोदत गेलो तर यादी लांबतच गेली. स्वीडनने २००५ मध्ये बायोगॅसवरची प्रवासी गाडी रुळावर आणली. इंग्लंडात २००७ च्या जूनमध्ये व्हर्जिन कंपनीच्या व्हॉयेजर गाडीत २० टक्के बायोडिझेल, म्हणजे तेल-चरबीपासून केलेलं डिझेल, घालून बघितलं. अमेरिकेत अ‍ॅमट्रॅकने २०१० मध्ये ओक्लाहोमा सिटी ते फोर्ट वर्थ धावणारी हार्टलँड फ्लायर गाईबैलांच्या चरबीपासून काढलेल्या २० टक्के बायोडिझेलवर चालवली. फ्रान्समध्ये २०२१ पासून पॅरिस-ग्रँव्हिल मार्गावरच्या गाड्यांत निव्वळ रेपसीडचं, म्हणजे आपल्या मोहरीच्या भावंडाचं, इंधन भरून चाचणी घेतली. जावा बेटावर आणि फिलिपिन्सच्या नेग्रोसमध्ये साखर कारखान्यांची वाफेची इंजिनं उसाच्या चिपाडावर धावायची. आणि सगळ्यात कहर म्हणजे, १९३० च्या दशकात कॉफीचे भाव कोसळले तेव्हा ब्राझीलने चक्क कॉफी इंजिनात जाळली. दुसऱ्या महायुद्धात कोळसा मिळेना तेव्हा अर्जेंटिनाने मका जाळला.

आपणही मागे नव्हतो. ३१ डिसेंबर २००२ ला दिल्ली-अमृतसर शताब्दी ५ टक्के बायोडिझेल घालून धावली होती.

हे सगळं वाचताना एक गोष्ट जाणवली. ज्याच्या दारात जे पडून होतं, त्याने ते इंजिनाला घातलं. मग आपल्या दारात काय आहे? उंडी आहे, करंज आहे, काजूच्या टरफलाचं तेल आहे, तारलीचं तेल आहे. आमच्या घरामागे खाडीकडेला उंडीची जुनी झाडं आहेत, दरवर्षी बियांचा खच पडतो आणि कुजून जातो. गर वाळवला की वजनाच्या निम्म्याहून जास्त तेल निघतं म्हणतात. कोकण रेल्वे घरापासून लांब नाही. दोन्हींची गाठ घालता येईल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शंकासुर

प्रकाश टाकतो, पण तो उंडीच्या दिव्याचा असेल.

जरा आकडे मांडू. डिझेल इंजिनांचे दिवस भरात होते तेव्हा भारतीय रेल्वे वर्षाला अडीचशे कोटी लिटरच्या वर डिझेल जाळत होती. २०१४ च्या रेल्वे अंदाजपत्रकात त्यात ५ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल वापरायची घोषणा झाली. ५ टक्के म्हणजे साडेबारा कोटी लिटर. रेपसीडसारखं चांगलं पीक, युरोपातली काळी जमीन, खतपाणी सगळं धरून हेक्टरी साधारण १३०० लिटर तेल मिळतं. म्हणजे जवळजवळ ९६ हजार हेक्टर. आपला सिंधुदुर्ग जिल्हा सगळा मिळून ५ लाख २० हजार हेक्टरांचा. म्हणजे डोंगर, खाड्या, कातळ, देवराया, आमराया धरून जिल्ह्याचा पाचवा हिस्सा पेरायचा, आणि मिळणार काय तर शंभरातले पाच लिटर.

२००३ नंतर जट्रोफाचं, म्हणजे तेलासाठी लावायच्या मोगली एरंडाचं, काय झालं ते आठवतंय ना? पडीक जमिनीत, पाण्याशिवाय, सोनं पिकणार होतं. रेल्वेच्या जमिनीवरही लावायचं ठरलं होतं. पडीक जमिनीत पीकही पडीकच आलं. २००९ च्या जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य होतं. २०१८ च्या धोरणात बायोडिझेलचं लक्ष्य २०३० पर्यंत ५ टक्के असं खाली आणलं. कागदावर लक्ष्य खाली येतं तेव्हा समजावं की शेतात काय झालं.

आणि मुळात कोकण रेल्वे आता विजेवर आहे हो. रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटर, सगळी. जून २०२२ मध्ये लोकार्पण झालं. इंजिनच नाही तर तेल कुठे ओतणार?

डिझेलशेड

शंकासुरांचा हिशोब बरोबर आहे, पण शेवटचं वाक्य अर्धं खरं. थोडं सविस्तर लिहितो, नोकरी याच लाईनीवर गेली.

विजेच्या आधी आमच्याकडे कल्याणची, इर्नाकुलमची इंजिनं यायची. जुनं अ‍ॅल्को असेल तर सोळा सिलिंडरचं, पाच हजार लिटरची टाकी. नंतरची ईएमडी या दुसऱ्या कंपनीच्या बनावटीची, त्यांची टाकी सहा हजारांच्या आसपास. बावीस डब्यांची गाडी घेऊन निघालं की ढोबळमानाने किलोमीटरला चार-पाच लिटर धरा. चढ आपल्याकडे फार नाही, १५० ला १ पेक्षा तीव्र कुठेच नाही, बांधतानाच तसा नियम ठेवला होता. पण बोगदे! करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा. अ‍ॅल्कोवाल्याने आत नॉच (इंजिनाचा जोर) वाढवला की काळा धूर भसाभस, मागच्या जनरल डब्यात लोक तोंडाला रुमाल लावून बसलेले. त्या बोगद्याला हवा खेळवायला पंख्यांची यंत्रणा बसवावी लागली ती उगाच नाही. बायोडिझेलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे काजळी कमी होते. तेवढ्यासाठी तरी मला ते हवंसं वाटायचं.

आता तोटे. लिटरमागे शक्ती थोडी कमी, त्यामुळे निव्वळ बायोडिझेल घातलं तर खप आठ-दहा टक्क्यांनी वाढतो; ५ टक्के मिश्रणात हे जाणवतही नाही. खरी भानगड वेगळीच. बायोडिझेल हे उत्तम धुणारं द्रव्य आहे. टाकीच्या तळाला वर्षानुवर्षं बसलेला गाळ ते सोडवतं, आणि तो सगळा गाळ जातो फिल्टरला. नवीन मिश्रण सुरू केलं की पहिले काही दिवस फिल्टर काळे येणार हे धरूनच चालायचं. ज्याला हे माहीत नाही तो म्हणतो इंधन खराब, आणि ज्याला माहीत आहे तो जादा फिल्टर घेऊन बसतो.

राहिला प्रश्न तेल ओतायचं कुठे. विजेच्या तारा दुरुस्त करायला जी टॉवर वॅगन जाते ती डिझेलवर चालते, कारण तार बंद असतानाच तिला काम असतं. खडी दाबणारी टॅम्पिंग मशीन डिझेलवर. अपघात मदत गाडी डिझेलवर. पावसाळ्यात दरड आली, तार तुटली, की विजेचं इंजिन म्हणजे रुळावरचं नुसतं धूड. ओढून आणायला डिझेलच लागतं. तेव्हा तेल ओतायला जागा आहे, मात्र टाक्या थोड्या आहेत.

मालवणी_खटखटो

तुमी सगळे शिकलेली मानसा. माका इतक्याच सांगा, उंडीच्या बियांका किलोमागे किती गावतले?

आमच्या आज्यान उंडीचा तेल होडयेक लावल्यान. देवाकडे दिवो तेचोच. घाणो गावात होतो, तो बंद पडलो. आता बियो एकवटूक कोण जाता? वाघळा फळा खातत आणि बियो एका झाडाखाली टाकतत, तेच्यामुळे रास आयती गावता, ता खरा. पण ते फोडूक हात व्हयत, वाळवूक आंगण व्हया, आणि वाळवल्याशिवाय तेल येणा नाय.

अवांतर: गणपतीक गावाक येवक तिकीट गावणा नाय, आणि तुमी इंजनात खयचा तेल घालूचा ह्याचो इचार करतास. होय म्हाराजा!

विजयदुर्गी

@मालवणी_खटखटो, हाहा, तिकिटाचं दुखणं वेगळ्या धाग्यावर. पण वाळवण्याचं तुम्ही अगदी नेमकं सांगितलंत. ताजी बी फोडली तर आतला गर पांढुरका, कोरडा, घाण्यात घातला तर तेल नावालाच. उन्हात काही आठवडे ठेवला की तो तपकिरी होतो, बोटाला चिकटायला लागतो, आणि मग तेल सुटतं. हिरवट काळं, दाट, आणि वास असा की घरात एकाने बाटली उघडली तर ओटीवरच्याला कळावं.

लिंकोपिंगकर

मूळचा चिपळूणचा, सध्या स्वीडनमध्ये, आणि योगायोगाने त्या बायोगॅस गाडीच्याच गावात. म्हणून लिहितोय.

तिचं नाव आमांडा. लिंकोपिंग ते समुद्राकाठचं वेस्तेर्विक अशी धावायची. नवी नव्हती, जुना फियाटचा डिझेल रेलडबा घेतला, त्याची इंजिनं काढली आणि व्होल्वोची दोन गॅस इंजिनं बसवली. गॅसच्या ११ टाक्या, ५४ प्रवासी, एकदा भरली की ६०० किलोमीटर, वेग ताशी १३० पर्यंत. गॅस येतो मैलापाण्याचा गाळ, शेण आणि कत्तलखान्यातला टाकाऊ माल यांपासून. त्या वेळी बातम्यांत हिशोब आला होता की एका गायीच्या आतड्याकोथळ्यावर गाडी साधारण चार किलोमीटर जाते. इथे हे लिहिताना जरा जपूनच लिहितोय, समजून घ्या.

जगभर गाजावाजा झाला. पण मला विचाराल तर गोष्ट तिथे नाहीच. या गावच्या बसेस आमांडाच्या आधीपासून बायोगॅसवर चालतात आणि आजही चालतात. बसचं कसं, संध्याकाळी डेपोत परत येते, एकाच नळावर सगळ्या भरता येतात. रेल्वेचा मुख्य पसारा स्वीडनमध्ये विजेवर. डिझेलच्या तुरळक गाड्यांसाठी वेगळे गॅसचे नळ, वेगळी देखभाल, वेगळे सुटे भाग कोण सांभाळणार? गॅस तोच, गाव तेच. बसला जमलं आणि गाडीला जड गेलं.

आपल्याकडेही जानेवारी २०१५ मध्ये रेवाडी-रोहतक सीएनजी आणि डिझेल दोन्हींवर चालणारी डेमू (स्वतःचं इंजिन असलेली छोटी प्रवासी गाडी) सुरू झाली होती. त्यात डिझेलच्या पाचव्या हिश्शाच्या जागी गॅस. बायोगॅस शुद्ध करून दाबला तर तो तिथे चालू शकतो, इंजिनाला फरक कळत नाही. पण पुन्हा तेच, रेवाडीत गॅस हवा.

रसायनमास्तर

थोडं रसायनशास्त्र, कंटाळा आला तर खाली जा.

साधं बायोडिझेल करायचं तर तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक पोटॅश घालून साधारण ६० अंशांवर ढवळतात. तेलाचे रेणू फुटतात, खाली ग्लिसरीन बसतं, वर राहतं ते बायोडिझेल. याला ट्रान्सएस्टरिफिकेशन म्हणतात, शब्दापेक्षा क्रिया सोपी आहे. (घरी करू नका. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत उजेडात दिसत नाही.)

उंडीची अडचण इथेच येते. तिच्या कच्च्या तेलात मुक्त आम्लं भरपूर. ती दोनेक टक्क्यांच्या वर गेली की पोटॅश आधी त्यांच्याशी भिडतो आणि हंड्यात डिझेलऐवजी साबण होतो. मग आधी आम्ल घालून एक फेरी, नंतर पोटॅशची दुसरी फेरी. त्याआधी डिंकासारखे पदार्थ काढून टाकायचे. अशक्य काही नाही, पण प्रत्येक फेरीला वेळ, मिथेनॉल आणि पैसा जातो. करंजाचंही थोडंफार असंच. खानावळीत पुन्हा पुन्हा तापलेल्या तेलातही ही आम्लं वाढलेली असतात.

दुसरा रस्ता म्हणजे एचव्हीओ. तेलावर दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करतात, त्यातला ऑक्सिजन पार काढून टाकतात. हाती येतं ते जवळजवळ अस्सल डिझेलच. पाणी ओढत नाही, टाकीत बराच काळ टिकतं, इंजिनात बदल करावा लागत नाही. युरोपातल्या रेल्वेचा कल आता तिकडे आहे. जर्मनीत झ्युल्ट बेटावर मोटारी वाहून नेणारी रेल्वे एचव्हीओवर आहे, कॅलिफोर्नियातली मेट्रोलिंक २०२२ मध्ये पूर्णपणे अशाच नूतनीकरणक्षम डिझेलवर गेली. पण हे काम रिफायनरीचं, गावच्या घाण्याचं नव्हे. हायड्रोजन, उत्प्रेरक, उच्च दाब. दापोलीत किंवा देवगडात शेड टाकून होणारं नाही.

काकी_गुहागर

मी खानावळ चालवते म्हणून माझेही दोन शब्द.

भजी, वडे, कोळंबी, सुरमईचे तुकडे. हंगामात रोज दोन-तीन लिटर तेल असं उरतं की पुन्हा वापरणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पोटाशी वैर. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे, तेलातले ध्रुवीय पदार्थ २५ टक्क्यांवर गेले की ते तेल फेकायचं. २०१८ पासून असं तेल गोळा करून बायोडिझेल करायची योजनाही आहे, रुको म्हणतात तिला. ऐकायला छान. पण गोळा करायला गाडी येणार ती शहरात. आमच्याकडे आडवळणाला कोण येतो? एक माणूस कॅन घेऊन यायचा, पैसेही चांगले द्यायचा, म्हणून बरं वाटायचं. मग कळलं की ते तेल कुठल्या कारखान्यात जात नव्हतं, रस्त्याकडेच्या गाड्यांवर स्वस्तात जात होतं. त्या दिवसापासून मी त्यात सरळ राख कालवते आणि मगच देते, न्यायचं तर न्या.

अमेरिकेत डिस्नेलँडमध्ये छोटी वाफेची आगगाडी आहे, ती तिथल्याच हॉटेलांतल्या तळणीच्या तेलापासून केलेल्या बायोडिझेलवर चालते असं वाचलं. त्यांचं बरं आहे. कुंपणाच्या आतच तळतात आणि कुंपणाच्या आतच चालवतात.

शंकासुर

काकी, राख कालवायची युक्ती लाजवाब.

तुमच्यासारख्या किती खानावळी एकत्र आल्या तर एक गाडी चालेल? डिझेलशेड यांच्या अंदाजाने रोहा ते ठोकूर एका फेरीला तीन-साडेतीन हजार लिटर लागतात. रोज तीन लिटर देणाऱ्या हजारेक खानावळींचं तेल, एका गाडीच्या एका बाजूच्या फेरीला. आणि गोळा करणारा टेम्पो स्वतः डिझेल पिणार.

काकींनी सांगितलेली लबाडी फक्त गुहागरात होत नाही. युरोपात वापरलेल्या तेलाला जास्त किंमत मिळते म्हणून ताजं पामतेल वापरलेलं म्हणून विकल्याच्या तक्रारी आहेत. पामतेलाची तर वेगळीच कथा. इंडोनेशियाने डिझेलमध्ये मिसळायचं प्रमाण २०२० मध्ये ३० टक्के, २०२३ मध्ये ३५ आणि २०२५ मध्ये ४० टक्क्यांवर नेलं. त्यांना जमतं, कारण पाम हेक्टरी रेपसीडच्या जवळजवळ तिप्पट तेल देतो. जंगलाचं काय झालं ते विचारू नका.

जुन्या काळीही हेच झालं होतं. मद्रास इलाख्यात रेल्वे आली, विलायती कोळसा महाग म्हणून लाकूड जाळायला लागले, आजूबाजूचं रान संपत आलं तेव्हा मुद्दाम किनाऱ्यावर सुरूची लागवड केली. आपण आज ज्या सुरूच्या बनात बसून समुद्र बघतो, ते झाड एकेकाळी तिकडे इंजिनाचं खाद्य म्हणून लावलं जात होतं.

डिझेलशेड

सुरूचं माहीत नव्हतं, आभार.

आधी जे लिहिलं त्याला एक जोड देतो, कारण विजयदुर्गी कदाचित खूश झाले असतील की टॉवर वॅगन आहे, मदत गाडी आहे, तिथे उंडी घालू. तिथेच साधं बायोडिझेल सगळ्यात वाईट. रोज धावणाऱ्या इंजिनाची टाकी दोन-तीन दिवसांत रिकामी होते, इंधन ताजं राहतं. मदत गाडी उभीच असते, आणि ती उभी राहावी अशीच सगळ्यांची इच्छा. बायोडिझेल हवेतला दमटपणा ओढतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीवर बुरशी चढते तिथे टाकीत काय होईल? पाणी तळाला, त्या पाण्याच्या आणि तेलाच्या मधल्या थरात जंतूंची साय. नेमकी रात्री दोनला दरड कोसळली, मदत गाडीला सेल्फ मारला आणि फिल्टर चोंदला, तर जबाबदारी कोण घेणार?

म्हणून मास्तरांचं एचव्हीओ या कामाला योग्य. ते महाग असलं तरी लागतं थोडंच. पण ते उंडीचं नव्हे, आणि कोकणातलंही नव्हे.

वेलदूरचा_इंजिनवाला

मी रेल्वेतला नाही. खाडीत बोटीवर इंजिन सांभाळतो, आधी मच्छीमार बोटीवर होतो. वाचत होतो, राहवलं नाही.

डिझेलशेड काकांनी उभ्या टाकीचं लिहिलंय ते आम्हाला दरवर्षी भोगायला लागतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोट वर ओढलेली, टाकीत उरलेलं डिझेल तसंच. साध्या डिझेललाही ऑगस्टमध्ये तळाचं पाणी काढल्याशिवाय सुरू करत नाही. बायोडिझेल असेल तर मे महिन्याच्या शेवटी टाकी कोरडी करूनच ठेवायला पाहिजे. आणि रबराचे पाईप बघा. जुन्या इंजिनांचे साध्या रबराचे पाईप बायोडिझेलने फुगतात, मऊ पडतात आणि जोडाला पाझरायला लागतात. पाईप बदलायचा खर्च फार नाही, पण समुद्रात मध्यावर कळलं तर महाग पडतं.

पण फेरीबोट बघा. दाभोळ-वेलदूर, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी. बारा महिने, दिवसभर, याच किनाऱ्यावरून त्याच किनाऱ्यावर. टाकी सारखी रिकामी होते, सारखी भरते. भरायची जागा ठरलेली. तेल गोळा होणार तेही खाडीच्या दोन्ही काठांवरच. मग रेल्वेच कशाला पाहिजे?

लिंकोपिंगकर

+१. मी बसचं म्हणत होतो तेच हे.

विजयदुर्गी

धाग्याचं नाव आगगाडी आणि उतरलो फेरीबोटीत! पण पटलं. ताकाचिहोची गाडीही तशी बघायला गेलं तर रोज तिथल्या तिथे फिरणारी फेरीच आहे, कुठे लांब जात नाही.

रेल्वेकडे मी एवढ्यासाठी बघत होतो की तिथे एकच मोठा गिऱ्हाईक मिळतो. शंभर बोटवाल्यांना पटवण्यापेक्षा एका ऑफिसला पटवणं सोपं, असं वाटलं होतं. शंकासुरांच्या आकड्यांनंतर वाटतंय की मोठ्या गिऱ्हाइकाला आपण रोज माल पुरवू शकणार नाही, हीच खरी अडचण. आधी पाच टक्के, मग दोन टक्के, मग टेंडर रद्द. त्यापेक्षा छोटं गिऱ्हाईक बरं, आपल्या बियांवर त्याचं भागेल.

@वेलदूरचा_इंजिनवाला, २० टक्के मिश्रण घालून बघायला मालक तयार होईल का?

वेलदूरचा_इंजिनवाला

२० नाही. ५ पासून. तेही मुख्य इंजिनाला नाही, आधी जनरेटरला. आणि पिशवीत बांधून आणलेलं काहीतरी हिरवं तेल मी इंजिनात ओतणार नाही, प्रमाणपत्र पाहिजे. प्रवासी असतात बोटीवर.

रसायनमास्तर

प्रमाणपत्र लांबची गोष्ट, पण आम्लमूल्य, म्हणजे तेलात मुक्त आम्लं किती ते, काढणं आमच्या प्रयोगशाळेत सहज होतं. पाच ग्रॅम तेल अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, आणि ब्युरेटमधून पोटॅश सोडत राहायचं गुलाबी रंग टिकेपर्यंत. उंडीचं तेल मुळात काळपट हिरवं, त्यात गुलाबी दिसत नाही ही कटकट आहे, त्यामुळे पीएच मीटर लावावा लागेल. एका घाण्याचं एक, वाळवण्याच्या वेगवेगळ्या मुदतींची तीन-चार, असे नमुने पाठवा. किती आठवडे वाळवलं, सावलीत की उन्हात, हे प्रत्येक बाटलीवर लिहा. बी जास्त दिवस ओलसर राहिली तर आम्लं चढतात असा माझा कयास आहे. तसं असेल तर निम्मं काम अंगणातच होईल, हंड्यात नाही.

मालवणी_खटखटो

बाटली मी देतंय. आमच्या वाडयेत एका घरात अजून लाकडी घाणो आसा, खोबऱ्यासाठी चालवतत. उंडी घातल्यार वास जाणा नाय म्हणान बायलमानसा भांडतली, तेच्यासाठी येगळो घाणो व्हयो.

आणि किलोमागे किती ता अजून कोणी सांगूक नाय.

काकी_गुहागर

माझं राख न कालवलेलं तेल हवं असेल तर तेही घेऊन जा. पण नेणाऱ्याने स्वतः यायचं, आणि कॅन धुऊन परत आणायचा.